हाताने रंगवलेले जुने जर्मन नकाशे : पाहावे कसे, ओळखावे कसे

जुना जर्मन नकाशा पहिल्यांदा हातात आला की नवखा माणूस त्याच्या दर्शनी बाजूवरच खिळून राहतो, आणि त्यात नवल नाही. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या रंगांत विभागलेले प्रांत, कोपऱ्यातील नक्षीदार चौकट, त्या चौकटीभोवती बसलेल्या देवता आणि बालके हे सारे डोळ्यांना धरून ठेवते. तरीही माझी पहिली विनंती अशी की, पान दोन्ही हातांनी अलगद उचलून उलटे करावे आणि मागची बाजू आधी पाहावी. दर्शनी बाजू नकाशा करणाऱ्याने आपल्याला दाखवण्यासाठी केलेली असते. मागच्या बाजूला मात्र त्या कागदावर अडीचशे-तीनशे वर्षांत काय काय घडले, ते कोणीही न लिहिता उमटलेले असते.

अशा प्रत्येक पानावर किमान तिघांचा हात फिरलेला असतो: छपाईचा तांब्याचा पत्रा किंवा लाकडी ठसा कोरणारा, छापणारा आणि रंगवणारा. पहिल्याचे नाव बहुधा पानावरच सापडते, दुसऱ्याचे पुष्कळदा सापडते, तिसऱ्याचे जवळजवळ कधीच सापडत नाही. नेमका हा तिसरा हातच या नकाशांचे सौंदर्य ठरवतो, किंमत ठरवतो आणि नवख्याची सर्वांत मोठी फसगतही तिथेच होते. म्हणून या लेखात कारागिरांची ओळख करून घेत घेत मुख्य भर रंग वाचायला शिकण्यावर ठेवला आहे.

पहिली पायरी : चार शहरे आणि काही नावे लक्षात ठेवावीत

सगळा इतिहास पाठ करण्याची गरज नाही. पण उल्म, कोलोन, न्यूरेंबर्ग आणि आउग्सबुर्ग ही चार शहरे आणि त्यांतील मोजकी माणसे ठाऊक असली, तर बाजारात किंवा संग्रहालयात समोर येणाऱ्या बहुतेक पानांची जागा लावता येते.

उल्म येथे १४८२ मध्ये लिनहार्ट होले याने प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमी याच्या भूगोलाची आवृत्ती छापली. तिचे नकाशे लाकडी ठशांवरून छापलेले असून जगाच्या नकाशाच्या ठशावर आर्म्सहाइमच्या योहानेस या कोरणाऱ्याने आपले नाव घातले आहे. या आवृत्तीतील समुद्राचा दाट निळा रंग एकदा पाहिला की विसरत नाही. ती पाने आज संग्रहालयांत आणि फार मोठ्या लिलावांतच दिसतात. नवख्याने ती पाहावीत ती डोळा तयार करण्यासाठी.

त्यानंतरचे मोठे नाव सेबास्टियन म्युन्स्टर (१४८८–१५५२). इंगलहाइम येथे जन्मलेला हा हिब्रू भाषेचा पंडित पुढे स्वित्झर्लंडमधील बाझल येथे स्थायिक झाला. १५४० मध्ये त्याने टॉलेमीचा भूगोल प्रसिद्ध केला आणि त्यात चार खंडांना प्रत्येकी स्वतंत्र नकाशा दिला. १५४४ मध्ये त्याची ‘कॉस्मोग्राफिया’ निघाली आणि तिच्या आवृत्त्या १६२८ पर्यंत निघत राहिल्या. म्युन्स्टरचे नकाशेही लाकडी ठशांचेच. मात्र त्यांवरील गावांची नावे बहुधा लाकडात कोरलेली नसून ठशातील खाचांमध्ये धातूची अक्षरे बसवून छापलेली आहेत. त्यामुळे एकाच ठशावरून निघालेल्या दोन आवृत्त्यांत अक्षरांचे वळण आणि नावांची भाषा बदललेली दिसते. पश्चिम जर्मनीत १९६२ पासून अनेक वर्षे चलनात असलेल्या शंभर मार्कांच्या नोटेवर याच म्युन्स्टरचे चित्र होते.

कोलोनचे स्थान वेगळे आहे. गेओर्ग ब्राउन आणि फ्रान्स होगेनबर्ग यांनी १५७२ ते १६१७ या काळात तेथून सहा खंडांत जगभरातील शहरांची चित्रे प्रसिद्ध केली. मराठी वाचकाला पहिल्या खंडातील एका पानाशी थांबावेसे वाटेल, कारण त्यावर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील आन्फा आणि आझम्मूर यांच्या शेजारी दीव आणि गोवा ही दोन शहरे कोरलेली आहेत. मांडवीकाठचे ते गोवे, म्हणजे आज ज्याला आपण जुने गोवे म्हणतो ते, कोलोनच्या कारागिरांनी स्वतः कधीही न पाहता, हाती आलेल्या चित्रांवरून उभे केले. होगेनबर्ग मूळचा आजच्या बेल्जियममधील मेखलनचा. तेव्हा या ग्रंथाला काटेकोर अर्थाने केवळ ‘जर्मन’ म्हणणे कठीण आहे, पण तो घडला आणि छापला गेला तो जर्मन भूमीवर.

नवख्या संग्राहकाचा खरा संबंध येतो तो अठराव्या शतकातील न्यूरेंबर्ग आणि आउग्सबुर्गशी. योहान बाप्टिस्ट होमान १६६४ मध्ये बव्हेरियातील कामलाख परिसरात जन्मला. जेझुइटांच्या शाळेत शिकून धर्मसेवेत जाण्याची त्याची तयारी चालली होती. पुढे त्याने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला, न्यूरेंबर्गला येऊन लेखप्रमाणक (नोटरी) म्हणून काम केले आणि मग नकाशे कोरण्याकडे वळला. सुरुवातीला इतर प्रकाशकांसाठी पत्रे कोरून १७०२ मध्ये त्याने स्वतःचा छापखाना काढला. १७१५ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट सहावा चार्ल्स याने त्याला शाही भूगोलकार नेमले आणि त्याच वर्षी बर्लिनच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्वही त्याला मिळाले. १७१६ मध्ये शंभराहून अधिक नकाशांचा त्याचा मोठा अॅटलास निघाला. १७२४ मध्ये तो वारला. मुलगा योहान क्रिस्टोफ १७३० मध्ये ऐन तारुण्यात गेला आणि छापखाना योहान मिखाएल फ्रान्झ व योहान गेओर्ग एबर्सबेर्गर यांच्याकडे आला. तेव्हापासून पानांवर ‘होमानचे वारस’ असे नाव येऊ लागले. ही पेढी १८४८ पर्यंत चालली आणि वारसांचा कारखाना ज्या घरात होता, ते फेम्बोहाउस आज न्यूरेंबर्गचे शहर संग्रहालय आहे.

होमानच्या हाताखाली शिकलेला माटेउस झॉय्टर (१६७८–१७५७) मूळचा बिअर गाळण्याच्या धंद्यात उमेदवारी करणारा. त्याने आउग्सबुर्गला परतून स्वतःची पेढी काढली आणि पुढे त्यालाही शाही भूगोलकार ही पदवी मिळाली. त्याचे पुष्कळ नकाशे इतरांच्या, विशेषतः होमानच्या, नकाशांवर बेतलेले आहेत. पण चौकटींच्या नक्षीत तो कोणाला हार जात नाही. त्याच्यानंतर पत्र्यांचा मोठा वाटा त्याचा जावई टोबियास कोनराड लोटर (१७१७–१७७७) याच्याकडे गेला. लोटरने पुष्कळ पत्र्यांवरील सासऱ्याचे नाव घासून काढून तिथे आपले नाव कोरले. म्हणून एकच नकाशा दोन नावांनी सापडतो, आणि ती दोन पाने शेजारी ठेवून पाहण्यात मोठा आनंद आहे.

दुसरी पायरी : कागद तपासावा

आता पान उलटे केले आहे, तर ते खिडकीच्या उजेडासमोर धरावे. अठराव्या शतकातील हातकागद चिंध्यांच्या लगद्यापासून, तारांच्या जाळीवर उचलून केलेला असे. त्यामुळे उजेडात जवळजवळ असलेल्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण एक ते दीड बोटाच्या रुंदीइतक्या अंतरावरच्या ठळक रेषा दिसतात; कधी कागद करणाऱ्याचे जलचिन्हही दिसते. एकसारखा, रेषाविरहित कागद १७५० नंतर इंग्लंडमध्ये निघाला आणि जर्मन छापखान्यांत तो आणखी उशिरा आला. म्हणून १७२० चा म्हणून दाखवलेला नकाशा गुळगुळीत, रेषा नसलेल्या कागदावर असेल, तर पुढचा विचार करण्याची गरजच उरत नाही.

पानाच्या मधोमध उभी घडी असणे हा दोष मानू नये. हे नकाशे अॅटलासमध्ये बांधण्यासाठी छापले जात; मागच्या बाजूला घडीवर कागदाची एक पट्टी चिकटवून त्या पट्टीवर शिवण घातली जाई. पट्टी किंवा तिच्या गोंदाची खूण सापडली, तर ते पान कधी काळी ग्रंथात होते याचा तो पुरावा होय. म्युन्स्टर आणि ब्राउन-होगेनबर्ग यांच्या पानांच्या मागे छापील मजकूर असतो आणि त्या मजकुराची भाषा आवृत्ती ओळखायला उपयोगी पडते. होमान आणि झॉय्टर यांच्या पानांची मागची बाजू कोरी असते.

तिसरी पायरी : छपाई कशी झाली ते ओळखावे

यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. ते चष्म्याच्या दुकानात किंवा सराफी अवजारांच्या दुकानात मिळते. ताम्रपत्र्यावर कोरणीने रेघ ओढताना ती सुरुवातीला बारीक, मध्ये रुंद आणि शेवटी पुन्हा निमुळती होते, आणि छापल्यावर शाई त्या खाचेतून ओढली गेल्यामुळे कागदावर किंचित उठून राहते. ओलसर कागद पत्र्यावर ठेवून रुळांमधून दाबला जात असल्यामुळे पत्र्याच्या चारही कडांची दाबखूण समासात उमटते. बोटाच्या टोकाने ती जाणवते. लाकडी ठशाची रेघ उलट जाड, थोडी खडबडीत असते आणि मागच्या बाजूला अक्षरांचा दाब उमटलेला असतो.

भिंगातून रेघेऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते विसाव्या शतकातील ऑफसेट छपाईचे पुनर्मुद्रण आहे. चांगल्या ग्रंथालयांनी आणि प्रकाशकांनी अशी पुनर्मुद्रणे प्रामाणिकपणे काढलेली आहेत. भिंतीवर लावायला ती उत्तमच. अडचण तेव्हा येते, जेव्हा चाळीस-पन्नास वर्षे चौकटीत राहून पिवळे पडलेले असे पान कोणी मूळ म्हणून विकतो.

चौथी पायरी : रंग वाचावा

छापखान्यातून नकाशा काळ्या शाईतच बाहेर पडे. गिऱ्हाईक कोरा घेईल किंवा जास्त पैसे देऊन रंगवलेला घेईल. रंगवण्याचे काम जर्मन शहरांत फार आधीपासून स्वतंत्र धंदा होता. चित्रपत्रे रंगवणाऱ्यांना ‘ब्रीफमालर’ आणि छापील चित्रांत रंग भरणाऱ्यांना ‘इलुमिनिस्ट’ म्हणत. पुढे एकोणिसाव्या शतकात गोथा येथील युस्टुस पेर्थेस यांच्या नकाशासंस्थेचे काम वाढले, तेव्हा सीमारेषा रंगवण्याचे काम महिला मोठ्या संख्येने करत असत. या सर्वांचे काम आपण आज चौकटीत घालून भिंतीवर लावतो, पण त्यांच्यापैकी जवळजवळ कोणाचेही नाव आपल्याला माहीत नाही. मला ही गोष्ट प्रत्येक वेळी खटकते, आणि म्हणूनच त्यांचा हात ओळखायला शिकणे मला त्यांचे ऋण मानण्याचाच एक मार्ग वाटतो.

होमानच्या कारखान्यातील रंगकामाची एक ठरलेली रीत होती. हाम्बुर्गचा शिक्षक योहान ह्यूब्नर (१६६८–१७३१) याने असा आग्रह धरला होता की, नकाशातील रंग शोभेसाठी नसून कोणता मुलूख कोणाच्या सत्तेखाली आहे हे एका दृष्टिक्षेपात कळावे यासाठी असावेत. होमानने ती कल्पना उचलली. त्यामुळे एकाच राजाचे प्रांत, ते विखुरलेले असले तरी, एका रंगात येतात. पवित्र रोमन साम्राज्यातील जर्मनीसारख्या, शेकडो लहानमोठ्या संस्थानांनी भरलेल्या भूमीत ही केवढी सोय होती याची कल्पना आपल्याला सहज येईल. सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांच्या तुकड्यांनी भरलेला दक्षिण महाराष्ट्राचा जुना नकाशा ज्याने पाहिला आहे, त्याला अधिक सांगायला नको.

या रीतीचे तीन विशेष लक्षात ठेवावेत. पहिला, जमिनीवर पातळ, पारदर्शक रंगाचा सपाट हात असतो आणि कोरलेल्या रेषा त्याखालून स्वच्छ दिसतात. सीमेलगत त्याच रंगाची गडद पट्टी असते. दुसरा, समुद्र बहुधा कोरा सोडलेला असतो आणि महत्त्वाची शहरे लाल ठिपक्याने उठवलेली असतात. तिसरा आणि सर्वांत उपयोगी विशेष म्हणजे शीर्षकाची नक्षीदार चौकट, जिला या क्षेत्रात कार्टूश म्हणतात, ती सर्वसाधारण प्रतींत रंगवलेली नसते. तिची छायारेषांची कोरीव कामगिरी काळ्या शाईतच राहू द्यावी, अशी ती पद्धत होती. श्रीमंत गिऱ्हाइकासाठी चौकटही रंगवून, क्वचित सोनेरी हात देऊन तयार केलेल्या समकालीन प्रती आहेत, पण त्या थोड्या. आजच्या खरेदीदाराला मात्र रंगीत चौकट आवडते; म्हणून विक्रीपूर्वी नव्याने रंगवलेल्या चौकटी बाजारात पुष्कळ फिरतात.

हे मी स्वतः उशिरा शिकलो. जर्मनीतील एका शहरात, जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मी माझा पहिला होमान घेतला, तो त्याच्या गुलाबी-निळ्या चौकटीला भुलून. पुढे काही वर्षांनी मी बव्हेरियाचे ‘बवारिए सिर्कुलुस एत एलेक्टोरातुस’ हे होमानचेच दुसरे पान घेतले आणि दोन्ही पाने शेजारी शेजारी उलटी ठेवली. बव्हेरियाच्या पानाच्या मागे, पुढच्या प्रत्येक हिरव्या प्रांताच्या जागी तपकिरी सावली उमटलेली होती. सीमेच्या गडद पट्ट्या तर चहाच्या डागासारख्या नागमोडी दिसत होत्या, आणि घडीजवळ हिरव्या पट्टीवर कागदाला बारीक चीर गेली होती. पहिल्या पानाची मागची बाजू सर्वत्र सारखीच स्वच्छ होती. त्याचा कागद जुना, छपाई जुनी, रंग मात्र फार तर पन्नास वर्षांपूर्वीचा. विकणाऱ्याने रंगाबद्दल एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. मीच विचारले नव्हते.

ही तपकिरी सावली कशी येते, ते सांगणे आवश्यक आहे. त्या काळचा हिरवा रंग बहुधा जंगालापासून करत. तांब्यावर व्हिनेगरची वाफ लावून हा जंगाल काढला जाई. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते आणि भांड्याला जो हिरवट थर धरतो, त्याच जातीचा हा पदार्थ. त्यातील तांबे वर्षानुवर्षे कागदाच्या तंतूंना खात राहते. म्हणून मागे तपकिरी छाया येते, कागद ठिसूळ होतो आणि शेवटी हिरव्या रेषेवरच फाटतो. आधुनिक जलरंगातील हिरवा रंग असे करत नाही. मागच्या बाजूची ही खूण नकली करणे सोपे नाही, पण अशक्यही नाही. चहाच्या पाण्याने सगळे पान सारखे पिवळे केलेले मी पाहिले आहे. अस्सल छाया हिरव्याच्या मागेच असते, पिवळ्या किंवा लालाच्या मागे नसते, आणि तिची कड पुढच्या सीमारेषेशी तंतोतंत जुळते.

इतर रंगांचीही थोडी ओळख ठेवावी. पिवळा बहुधा गांबोज नावाच्या डिंकापासून येई. हा डिंक आग्नेय आशियातील ज्या झाडांपासून मिळे, ती आपल्या कोकमाच्याच प्रजातीतील आहेत. लाल रंगासाठी किरमिजी किंवा शेंदूर वापरत, आणि शेंदूर हवेच्या परिणामाने काळवंडतो. म्हणून शहरांचे ठिपके कुठे कुठे तपकिरी-काळे झालेले दिसले, तर घाबरू नये, उलट ते चांगले लक्षण समजावे. निळ्यासाठी नीळ आणि अझुराइट नावाचे निळे खनिज हे जुने पर्याय होते. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रशियन निळा हा कृत्रिम रंग निघाल्यावर तोही वापरात आला. तेव्हा सोळाव्या शतकातील पानावर प्रयोगशाळेला प्रशियन निळा सापडला, तर रंग शंभर वर्षांनी तरी नंतरचा ठरतो. म्युन्स्टरच्या ‘कॉस्मोग्राफिया’च्या बहुतेक प्रती रंगाविनाच विकल्या गेल्या, त्यामुळे रंगीत म्युन्स्टर समोर आला की आधी शंका घ्यावी.

थुंकीने किंवा ओल्या बोटाने रंग पुसून पाहण्याचा जो सल्ला काही जण देतात, तो कधीही मानू नये. जुना रंगही गोंदाच्या पाण्यातच कालवलेला असतो आणि तोही उठतो. म्हणजे कसोटीही होत नाही आणि पानही बिघडते.

पाचवी पायरी : नाव, पदवी आणि काळ यांचा मेळ घालावा

होमानच्या पुष्कळ नकाशांवर साल नसते. अशा वेळी प्रकाशकाचे नाव हेच घड्याळ. नुसते ‘योहान बाप्टिस्ट होमान, न्यूरेंबर्ग’ असे असेल, तर पत्रा बहुधा १७१५ पूर्वीचा. नावापुढे सम्राटाचा भूगोलकार अशी लॅटिन पदवी असेल, तर पत्र्यावरचा तो मजकूर १७१५ नंतरचा. आणि ‘वारस’ या अर्थाचा लॅटिन, फ्रेंच किंवा जर्मन शब्द असेल, तर १७३० नंतरचा. वारसांनी अनेकदा चौकटीत सालही कोरले, पण ते साल पत्रा कोरल्याचे असते, तुमच्या हातातील प्रत छापल्याचे नव्हे. एकच पत्रा डागडुजी करून दशकानुदशके वापरला जाई. रेषा फिकट, छायेचे बारीक काम पुसट आणि त्याच वेळी एखादे नाव मात्र ठळक दिसले, तर ती झिजलेल्या पत्र्याची उशिराची प्रत आणि ते नाव नंतर कोरलेले, असे समजावे.

लॅटिनची भीती बाळगू नये. लागणारे शब्द पंधरा-वीसच आहेत. ‘स्कुल्प्सित’ म्हणजे कोरले, ‘एक्सकुदित’ म्हणजे प्रकाशित केले, ‘देलिनेआवित’ म्हणजे रेखाटले. ‘नोरिबेर्गे’ म्हणजे न्यूरेंबर्ग आणि ‘औगुस्ता विन्देलिकोरुम’ म्हणजे आउग्सबुर्ग. ‘कुम प्रिविलेजिओ’ म्हणजे सम्राटाने दिलेला नक्कलबंदीचा हक्क.

भारताशी नाते सांगणारे एक पान उदाहरणादाखल घ्यावे. होमानच्या वारसांनी १७३३ मध्ये मलबार आणि कोरोमांडल हे किनारे व श्रीलंका दाखवणारा द्वीपकल्पीय भारताचा नकाशा काढला. असा नकाशा समोर आला की आपण लगेच ओळखीची गावे शोधू लागतो, आणि त्या काळच्या युरोपीय नकाशांवर विजापूर ‘विझियापूर’ अशा रूपात, चौल, दाभोळ, राजापूर अशी बंदरे थोड्या वाकड्या स्पेलिंगांत सापडतातही. विजापूरची आदिलशाही १६८६ मध्ये संपली. तरी त्या राज्याचे नाव नकाशांवर पुढे कित्येक वर्षे टिकून राहिले, कारण न्यूरेंबर्गच्या टेबलावर नवी माहिती पोहोचायला आणि पोहोचल्यावर पत्रा दुरुस्त व्हायला फार वेळ लागे.

याच ठिकाणी रेखांशही तपासावेत. या नकाशांत शून्य रेखांश ग्रीनिचहून नव्हे, तर बहुधा कॅनरी बेटांपैकी फेरो बेटावरून धरलेला असतो. फेरो ग्रीनिचच्या पश्चिमेला १७ अंश ४० मिनिटांवर आहे; म्हणून आज सुमारे ७२ अंश ५० मिनिटांवर असलेली मुंबई त्या मोजणीत साडेनव्वद अंशांच्या आसपास यायला हवी. प्रत्यक्ष पानावर ती किती सरकली आहे हे पाहिले, की त्या काळच्या मोजमापाची मर्यादा डोळ्यांसमोर उभी राहते. अंतराच्या पट्टीवर जर्मन मैल असतात. एका अंशात पंधरा, म्हणजे एक मैल सुमारे ७.४ किलोमीटरचा.

सहावी पायरी : आधी फुकट पाहावे, मग विकत घ्यावे

पहिले सहा महिने काहीही घेऊ नये, असे माझे मत आहे. बर्लिन आणि म्युनिकच्या राज्य ग्रंथालयांनी, तसेच स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड रमसी संग्रहाने हजारो नकाशे इंटरनेटवर मोठ्या आकारात खुले केलेले आहेत. एकाच नकाशाच्या पाच-सहा प्रती तिथे लागोपाठ पाहिल्या, तर रंगाची रीत, पत्र्याची झीज आणि नावांतील बदल कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर ध्यानात येतात. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी न्यूरेंबर्गच्या जर्मानिशेस नॅशनलमुझेउमला एक दिवस द्यावा. मार्टिन बेहाइमचा १४९२ चा पृथ्वीगोल तिथे आहे. मुंबईकरांसाठी एशियाटिक सोसायटीचा नकाशासंग्रह आहे.

मग विषय ठरवावा: एक शहर, एक प्रांत किंवा एक कारागीर. होमान आणि झॉय्टर यांची पाने मोठ्या संख्येने छापली गेल्यामुळे आजही विपुल आहेत. जर्मन प्रांतांचे साधे नकाशे तुलनेने स्वस्त मिळतात, तर जगाचे, अमेरिकेचे आणि भारताचे महाग असतात. शिकण्यासाठी एखादा अनाकर्षक वाटणारा जर्मन प्रांतच घ्यावा. रंग, कागद आणि छपाई तीच असते.

पुण्या-मुंबईत जर्मन शिकलेल्यांना इथे मोठा फायदा आहे, कारण विक्रीयाद्यांतील वर्णन अगदी नेमके असते. ‘कुप्फरश्टिश’ म्हणजे ताम्रपत्र्यावरून छापलेले, ‘होल्त्सश्निट’ म्हणजे लाकडी ठशाचे. ‘अल्टकोलोरिएर्ट’ म्हणजे रंग जुना आहे असा विक्रेत्याचा दावा. नुसते ‘कोलोरिएर्ट’ लिहिले असेल, तर रंग नवा असण्याची शक्यता धरून प्रश्न विचारावा. ‘फ्लेशनकोलोरिट’ म्हणजे पूर्ण प्रदेश रंगवलेला, ‘ग्रेन्त्सकोलोरिट’ म्हणजे फक्त सीमा रंगवलेल्या. तीन गोष्टी मागाव्यात: मागच्या बाजूचे छायाचित्र, उजेडासमोर धरलेल्या पानाचे छायाचित्र आणि रंग समकालीन असल्याचे लेखी विधान. नवा रंग असलेले पान घेण्यात काही गैर नाही. फक्त त्याची किंमत जुन्या रंगाची देऊ नये.

कायद्याचीही माहिती असावी. युरोपीय संघातून दोनशे वर्षांहून जुना आणि १५,००० युरोंहून अधिक किमतीचा छापील नकाशा बाहेर नेण्यासाठी निर्यात परवाना लागतो. नवख्याची खरेदी या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. भारतात १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी आपले पान सुट्टीत घरी दाखवायला आणण्यापूर्वी परत नेण्याच्या परवानगीची चौकशी करावी. खरेदीची पावती कायम जपून ठेवावी.

सातवी पायरी : आपल्या हवेत पान सांभाळावे

न्यूरेंबर्गच्या थंड, कोरड्या खोलीत तीनशे वर्षे टिकलेले पान कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एका पावसाळ्यात बिघडू शकते. दमट हवेत बुरशी धरते, कसर लागते, आणि जंगालाची कागद खाण्याची क्रिया ओलाव्याने वेग घेते. म्हणजे ज्या हिरव्या रंगामुळे पान अस्सल ठरते, त्याच रंगाला पाऊस सर्वांत जास्त बाधतो.

पान आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात, आडवे ठेवावे. गुंडाळी करू नये आणि पुन्हा घडीही घालू नये. लॅमिनेशन कधीही करू नये. फाटल्यास चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडेच ते सोपवावे. चौकट करायची झाल्यास काच पानाला टेकू नये म्हणून मध्ये आम्लमुक्त पुठ्ठ्याची खिडकी असावी, काच अतिनील किरण अडवणारी असावी आणि चौकट बाहेरच्या ओलसर भिंतीवर किंवा उन्हात टांगू नये. फ्रेमवाले पान पुठ्ठ्यात बसावे म्हणून समास कापायला निघतात, तेव्हा शेजारी उभे राहावे. पत्र्याची दाबखूण त्या समासातच असते आणि एकदा कापली की परत येत नाही.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाकीट उघडून पान उलटे करावे आणि हिरव्या रंगामागची सावली पसरली आहे का, कागद कुठे उचलला आहे का, ते पाहावे. प्रत्येक पानासाठी एक वेगळा कागद ठेवून त्यावर कोठून घेतले, कधी घेतले, मागच्या बाजूला काय दिसले आणि रंगाबद्दल आपले मत काय, हे तारखेनिशी लिहून ठेवावे; पानावर मात्र काहीही लिहू नये, पेन्सिलीनेही नाही.